हाँगकाँगची व्हिएतनामी होडीकरी माणसं: ठेवायचं की परत पाठवायचं?

१९९१ या एका वर्षात व्हिएतनामहून होड्यांमधून २०,००० हून जास्त माणसं हाँगकाँगच्या किनाऱ्याला लागली. १९९२ मध्ये आली अवघी १२. समुद्र तोच, होड्या त्याच, हनोईतलं सरकारही तेच. मग मधल्या काळात असं काय झालं?

आश्रय मागायला दारात आलेल्यांचं काय करायचं, यावर जगभर जे वाद चालतात त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय १९९७ पर्यंत ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगने १९७५ ते २००० या पंचवीस वर्षांत करून पाहिला. मोकळी छावणी झाली, बंद छावणी झाली. छाननी झाली. पैसे देऊन परत पाठवणं झालं, हातपाय धरून विमानात बसवणं झालं, आणि अगदी शेवटी, जे उरले त्यांना तिथेच राहू देणंही झालं. म्हणून हे प्रकरण नीट तपासण्यासारखं आहे.

माझं मत आधीच सांगतो. ज्यांच्या जिवाला धोका नव्हता त्यांना परत पाठवण्यात मला गैर दिसत नाही. दोष होता तो वेळेचा. काही महिन्यांत द्यायच्या उत्तराला वर्षानुवर्षं लावली, आणि ती सगळी वर्षं माणसं आपल्या लहान मुलांसकट काटेरी तारेच्या आत राहिली.

पहिलं जहाज आणि नंतरची जहाजं

३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडली. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, क्लारा मर्स्क हे डेन्मार्कचं मालवाहू जहाज ३,७४३ व्हिएतनामींना घेऊन हाँगकाँगच्या बंदरात आलं. बुडायला आलेल्या जहाजावरून त्यांना भर समुद्रात उचलून घेतलं होतं. योगायोग असा, की त्याच दिवशी राणी एलिझाबेथ पहिल्यांदाच हाँगकाँगच्या दौऱ्यावर आली होती. एकीकडे स्वागताच्या कमानी, दुसरीकडे अंगावरच्या कपड्यांनिशी उतरणारी माणसं. सरकारने त्यांना उतरू दिलं, जेवू घातलं, आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या देशांकडे रवाना केलं. आकडा आवाक्यातला होता, म्हणून हे जमलं.

१९७८ च्या अखेरीस चित्र पालटलं. व्हिएतनामने खाजगी व्यापार बंद केला, चीनशी संबंध बिघडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना देश सोडावासा वाटू लागला, किंवा तशी वेळ त्यांच्यावर आणली गेली. माणशी सोनं मोजून घेऊन जहाज भरून देणारे दलाल निघाले आणि त्यांच्या मागे स्थानिक अधिकारी होते. डिसेंबर १९७८ मध्ये हुई फाँग नावाचं जहाज ३,३०० च्या वर माणसं घेऊन आलं. हाँगकाँगने त्याला जवळजवळ महिनाभर हद्दीबाहेर उभं केलं. शेवटी आत घेतलं तेव्हा इंजिनखोलीत दडवलेलं सोनं सापडलं. कप्तान आणि त्याचे साथीदार तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९७९ मध्ये स्कायलक आलं, त्यात २,६०० च्या आसपास माणसं. या जहाजाला तर लामा बेटाजवळ चार महिन्यांहून जास्त काळ नांगर टाकून ठेवलं. जूनच्या शेवटी आतल्या लोकांनी नांगराची साखळीच कापली. जहाज वाहत जाऊन बेटाच्या खडकांवर चढलं, आणि माणसं पोहत, दोर धरून किनाऱ्यावर आली.

१९७९ या एका वर्षात हाँगकाँगला ६८,००० च्या वर व्हिएतनामी आले. शहराची लोकवस्ती तेव्हा पन्नास लाखांच्या घरात. मलेशिया आणि थायलंड होड्या परत समुद्रात ढकलत होते. हाँगकाँगने किनाऱ्याला लागलेली होडी ढकलली नाही. पुढच्या सगळ्या कडवट गोष्टी लिहिताना हे विसरून चालणार नाही.

जुलै १९७९ मध्ये जिनिव्हाला ६५ देशांची परिषद भरली आणि एक सौदा ठरला. आग्नेय आशियातल्या देशांनी होड्यांना तात्पुरतं उतरू द्यायचं, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स वगैरेंनी त्या माणसांना पुढे कायमचं घ्यायचं, आणि व्हिएतनामने बेकायदा निघणाऱ्यांना आवर घालायचा. पाश्चात्त्य देशांनी २,६०,००० जागा कबूल केल्या. ब्रिटनने स्वतःसाठी १०,००० चा आकडा मान्य केला. हाँगकाँग ‘पहिल्या आश्रयाचं बंदर’ ठरलं. म्हणजे इथे थांबा, पुढची गाडी येईल. सगळी व्यवस्था उभी होती ती पुढच्या गाडीच्या भरवशावर.

शेजाऱ्याला एक न्याय, पाहुण्याला दुसरा

हाँगकाँगमधल्या सामान्य माणसाचा राग समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही, आणि बाहेरच्या लेखकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं.

या शहरातली बरीचशी कुटुंबं स्वतःच चीनमधून पळून आलेली. १९८० पर्यंत नियम असा होता, की सीमेवर सापडला तर परत, पण शहरात पोहोचून नातेवाइकाचं घर गाठलं तर राहता येई. ऑक्टोबर १९८० मध्ये तो नियम मोडीत काढला. तेव्हापासून ग्वांगडाँगहून खाडी पोहून आलेला सख्खा भाऊ असो की पोटचा मुलगा, कागद नसतील तर त्याला सीमेवर परत नेऊन सोडत. वकील नाही, अपील नाही.

आणि त्याच वेळी समुद्रातून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसाला छावणी, जेवण, डॉक्टर आणि पुढे कॅलिफोर्नियाची आशा. आपल्या भावाला परत पाठवून आलेल्या बाईला हे कसं पटावं? व्हिएतनामींबद्दल पुढे जी चीड साठत गेली तिच्यात वंशद्वेष होता हे खरं. पण तिच्या बुडाशी हा दुजाभावही होता. दोघांपैकी कुणाला धोका जास्त हे कुणी कुणाला विचारतच नव्हतं. एकाला तो चिनी म्हणून परत, दुसऱ्याला तो व्हिएतनामी म्हणून आत.

कायद्याचा पायाही कच्चा होता. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटनने स्वतःला लागू केला होता, या वसाहतीला नाही. त्यामुळे इथे जे काही होई ते सरकारच्या धोरणानुसार, आणि धोरण एका घोषणेत बदलता येई. (भारतानेही त्या करारावर सही केलेली नाही. तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, रोहिंग्या या तिघांना आपल्याकडे तीन वेगवेगळे अनुभव येतात त्याचं एक कारण हेच.)

तुरुंग खात्याकडे

पुढची गाडी हळूहळू रिकामी येऊ लागली. पाश्चात्त्य देशांची निवड कडक झाली. शिकलेले, नातेवाईक असलेले, धडधाकट लोक आधी उचलले गेले आणि बाकीचे मागे राहिले. २ जुलै १९८२ पासून हाँगकाँगने ठरवलं, की नव्याने येणाऱ्यांना बंद छावणीत ठेवायचं. त्याआधीच्या छावण्यांतली माणसं बाहेर कारखान्यांत कामाला जाऊ शकत होती. आता कुंपणाला कुलूप लागलं. छावण्या चालवायला दिल्या सुधारसेवा खात्याकडे, म्हणजे त्याच वर्षापर्यंत ज्याचं नाव तुरुंग खातं होतं त्याच्याकडे.

हेतू उघड होता. इथे हाल आहेत ही बातमी हायफाँग या व्हिएतनामी बंदरापर्यंत पोहोचावी, म्हणजे लोक निघणार नाहीत. पुढची चार वर्षं आकडे खरंच उतरले, १९८५ मध्ये तर १,१०० च्या आसपासच माणसं आली. पण त्याच सुमारास शेजारच्या देशांतही आवक कमी झाली होती, त्यामुळे याचं श्रेय कुलपाला किती द्यायचं हा प्रश्नच आहे. १९८७ मध्ये आकडा पुन्हा चढला आणि १९८८ मध्ये १८,००० वर गेला. बंद छावणी तशीच होती, आतली माणसं पाच-पाच वर्षं अडकली होती, त्यांची पत्रं घरी जात होती, तरीही होड्या निघाल्या.

आता निघणारे लोकही निराळे होते. बहुतेक उत्तर व्हिएतनाममधले, हायफाँग आणि क्वांग निन्हकडचे कोळी, शेतमजूर, कारखान्यातले कामगार. दक्षिणेतल्या जुन्या राजवटीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचा मार्गही वेगळा. खोल समुद्रात न शिरता चीनचा किनारा धरून, वाटेतल्या बंदरांवर पाणी आणि डिझेल घेत, पूर्वेकडे. सरकारचं म्हणणं, हे पोटासाठी आलेले आहेत. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरं होतं. सगळ्यांच्या नव्हे.

१६ जून १९८८ ची मध्यरात्र

त्या रात्रीपासून नियम बदलला. आधी आलेला प्रत्येक जण आपोआप निर्वासित. नंतर आलेला प्रत्येक जण बेकायदा घुसखोर, जोवर तो स्वतःचा छळ सिद्ध करत नाही तोवर. रेडिओवरून व्हिएतनामी भाषेत ही घोषणा दिवसातून अनेकदा वाजवली जाई. ती इतकी कानी पडली, की हाँगकाँगच्या शाळकरी पोरांनाही एक अक्षर न कळता तिचे पहिले शब्द पाठ झाले.

एकाच खाडीतून निघालेल्या दोन होड्या घ्या. एकीला वारा चांगला लागला आणि ती १५ तारखेला पोहोचली. तिच्यातली माणसं पुढे अमेरिकेला किंवा कॅनडाला जाऊ शकत होती. दुसरीचं इंजिन वाटेत बंद पडलं आणि ती १७ तारखेला आली. तिच्यातल्यांना छाननी, अपील आणि बहुधा परतीचं विमान. कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मान्य. पण ज्यांच्यासाठी ती ओढली ते त्या वेळी समुद्रात होते, त्यांना ती कळणार कशी?

पुढच्या वर्षी, १३ आणि १४ जून १९८९ ला, जिनिव्हात दुसरी परिषद झाली आणि हाच ढाचा सगळ्या भागासाठी मान्य झाला. हाँगकाँगसाठी रेघ तीच राहिली, बहुतेक इतर देशांसाठी १४ मार्च १९८९. रेघेआधीच्यांचं पुनर्वसन, नंतरच्यांची छाननी, आणि छाननीत न टिकलेल्यांनी घरी परतायचं.

छाननी प्रत्यक्षात कशी चाले? टेबलापलीकडे इमिग्रेशन खात्याचा अधिकारी, मध्ये दुभाषा. अधिकारी प्रश्न विचारी, माणूस व्हिएतनामीत सांगे, दुभाषा इंग्रजीत सांगे, अधिकारी लिहून घेई. ज्याने आयुष्यभर सरकारी माणसासमोर कमीत कमी बोलायचं एवढंच शिकलेलं, त्याने आता सरकारी माणसासमोर सगळं उलगडून सांगायचं होतं. बाप पुनर्शिक्षण छावणीत (जुन्या राजवटीच्या लोकांना डांबायच्या जागी) होता, म्हणून मला कॉलेजात घेतलं नाही, रेशनकार्ड मिळालं नाही, ‘नव्या आर्थिक क्षेत्रा’त, म्हणजे ओसाड जागी शेती करायला, पाठवलं. याला छळ म्हणायचं की गैरसोय? उत्तर त्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर. नकार आला तर २८ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाकडे अपील. तिथे बहुतेकांचा निकाल कागद बघूनच लागे. सगळ्यांची मिळून गोळाबेरीज केली तर साधारण पाचांत एकाला निर्वासित मानलं गेलं.

पाचांत एक हा आकडा कमी की जास्त, यावर भांडण होऊ शकतं. पण १९८९ मध्ये आलेल्या माणसाची मुलाखत दोन-दोन, तीन-तीन वर्षं होत नव्हती, यावर भांडण होऊ शकत नाही. त्या एका वर्षात ३४,००० माणसं आली आणि अधिकारी होते मूठभर. १९९१ च्या अखेरीस छावण्यांत ६०,००० च्या वर माणसं होती.

एक फळी, एक कुटुंब

व्हाइटहेड ही सगळ्यांत मोठी छावणी, मा ऑन शानजवळ समुद्राला लागून. पत्र्याच्या लांबच लांब बराकी. आत भिंतींना धरून तीन थरांच्या फळ्या, आगगाडीतल्या बर्थसारख्या. एक फळी म्हणजे एका कुटुंबाचं घर. नवरा, बायको, दोन मुलं, कपड्यांची बोचकी, कपबशा, सगळं तिच्यावर. पुढे जुन्या चादरीचा पडदा. फळीवर ताठ उभं राहता येत नसे. खालच्या थरावर वरच्या मुलाचं पाणी सांडे. जेवण मोठ्या भांड्यांतून येई, रांगेत वाटलं जाई, स्वतः शिजवायची परवानगी नसे. हे लहानसं वाटतं, पण वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने मुलाला भाताचा घास शिजवून न घालणं काय असतं ते कुठल्याही आईला विचारावं. अंगणात काँक्रीट, झाड नाही, बाहेर दुहेरी कुंपण आणि वर वेटोळी तार.

अशा जागेत गट पडतात. उत्तरेचे विरुद्ध दक्षिणेचे, हायफाँगचे विरुद्ध क्वांग निन्हचे. दांडगट लोक बराकीचे मुखत्यार होतात, पलंगाच्या लोखंडी पट्ट्या घासून सुरे होतात. ३ फेब्रुवारी १९९२ ला, व्हिएतनामी नववर्षाच्या आदल्या रात्री, सेक काँगच्या छावणीत दोन गटांत मारामारी पेटली. जीव वाचवायला माणसं एका बराकीत शिरली. बाहेरून बराकीला आग लावली गेली. २४ जण मेले, त्यांत मुलंही होती. काडी कैद्यांनीच लावली. पण त्या माणसांना त्या जागी तितका काळ कोंडून कुणी ठेवलं होतं, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

छावणीत जन्मलेली पोरं छावणीतच शाळेत जाऊ लागली होती. बाहेरचा रस्ता, बाजार, शेत त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पहाटेचं विमान

परत पाठवण्याची पहिली पायरी सौम्य होती. डिसेंबर १९८८ मध्ये व्हिएतनामने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाशी करार केला, की परत येणाऱ्यावर पळून गेल्याबद्दल कारवाई होणार नाही आणि उच्चायुक्तालयाचे लोक त्यांना गावी जाऊन भेटू शकतील. मार्च १९८९ मध्ये ७५ जणांची पहिली तुकडी स्वखुशीने परतली. पण हजारो येत असताना शेकड्यांनी परत जाणं म्हणजे काहीच नव्हतं. लंडनमध्ये थॅचर सरकारने ठरवलं, की जबरदस्ती करायची.

१२ डिसेंबर १९८९. लांताव बेटावरची फिनिक्स हाउस ही बंद छावणी. अंधारातच शिरस्त्राणं आणि ढाली घेतलेले पहारेकरी आत शिरले. झोपेतून उठवलेली ५१ माणसं, त्यांत ८ पुरुष, १७ बायका आणि २६ मुलं, ट्रकमध्ये बसवून काई ताक विमानतळावर नेली आणि उजाडायच्या आत हनोईच्या विमानात चढवली. आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. परत पाठवण्याचं धोरण जगाला पटवायला सरकारने पहिली तुकडी निवडली ती अशी, की निम्म्याहून जास्त मुलंच. यापेक्षा वाईट निवड कशी करता आली असती मला कळत नाही. अमेरिकेने कडाडून निषेध केला, ब्रिटिश संसदेत गदारोळ झाला. पुढे जवळजवळ दोन वर्षं सक्तीचं दुसरं विमान उडू शकलं नाही.

अमेरिकेच्या निषेधाबद्दलही बोललं पाहिजे. हैतीहून फ्लोरिडाकडे येणाऱ्या होड्या अमेरिका १९८१ पासून समुद्रातच अडवून परत पाठवत होती. व्हिएतनामवर तिने व्यापारबंदी लादली होती, ती उठली फेब्रुवारी १९९४ मध्ये. म्हणजे ज्या दारिद्र्यातून माणसं पळत होती ते टिकवण्यात तिचा हात होता. छाननीत नाकारलेल्यांना स्वतः घ्यायलाही ती तयार नव्हती. मग त्यांनी जायचं कुठे? व्हाइटहेडमध्येच राहायचं.

१९९१ ते १९९२: आकडा का कोसळला

स्वेच्छेने परतणाऱ्याला उच्चायुक्तालय वर्षभर महिन्याला ३० अमेरिकी डॉलर देई. व्हिएतनामच्या खेड्यात ही रक्कम वर्षाच्या कमाईहून जास्त भरे. १९९१ मध्ये असे लोक सापडू लागले, की परत गेले, पैसे घेतले, आणि पुन्हा होडीत बसून आले. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण गरीब माणसासमोर तुम्ही नियम ठेवला आणि त्याने नियमाप्रमाणे हिशेब केला, तर चूक नियमाची.

२९ ऑक्टोबर १९९१ ला ब्रिटन, व्हिएतनाम आणि हाँगकाँग यांच्यात करार झाला, की छाननीत न बसलेला प्रत्येक जण परत जाईल, स्वखुशीने नाहीतर सक्तीने. ९ नोव्हेंबरला ५९ जणांचं पहिलं विमान गेलं. नव्याने येणाऱ्यांना परतीची रक्कम मिळणार नाही हेही जाहीर झालं. आणि पुढच्या वर्षी आले १२ जण.

नऊ वर्षं हाल दाखवून जे झालं नाही ते सहा आठवड्यांत झालं. हायफाँगचा कोळी होडीत बसण्याआधी छावणीतल्या फळीची रुंदी मोजत नव्हता. पाच-सात वर्षं तारेच्या आत काढू, पण शेवटी पलीकडे पोहोचू, हा त्याचा हिशेब होता. शेवटी आपण घरीच परत येणार हे पक्कं कळलं, तेव्हा निघण्यात अर्थ उरला नाही. व्हिएतनाममधली परिस्थितीही सुधारत होती हे नाकारत नाही. १९८६ च्या आर्थिक सुधारणांची फळं दिसू लागली होती, शेतकऱ्याला पीक विकता येऊ लागलं होतं. पण सुधारणा वर्षानुवर्षं मुरत जाते, २०,००० वरून १२ वर एका वर्षात उडी मारत नाही.

म्हणूनच मला छावण्यांचा राग येतो. त्या चालवणाऱ्यांना वाटे, की हाल हेच औषध. छाननी लवकर आणि नीट झाली असती, खऱ्या निर्वासितांना झटकन पुढचा देश मिळाला असता आणि बाकीचे सन्मानाने, थोड्या मदतीसह परत गेले असते, तर १९९१ चा परिणाम १९८९ मध्येच दिसला असता. सेक काँगची बराक पेटायला त्यात माणसंच नसती.

अश्रुधूर, वॉशिंग्टनची आशा, आणि लंडनचा निकाल

आवक थांबली तरी आतली माणसं होतीच. एप्रिल १९९४ मध्ये व्हाइटहेडमधल्या दीड हजार जणांना दुसरीकडे हलवताना पोलिसांनी ५०० हून जास्त अश्रुधुराची नळकांडी फोडली. मे १९९५ मध्ये पुन्हा तसंच, या वेळी ३,००० हून जास्त. पत्र्याच्या बराकींत लहान मुलं असताना.

त्याच १९९५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहातले न्यू जर्सीचे सदस्य ख्रिस स्मिथ यांनी छावण्यांतल्या लोकांची पुन्हा छाननी व्हावी अशी तरतूद एका विधेयकात घातली. हेतू चांगला होता, छाननीतल्या चुका खऱ्या होत्या. पण छावणीत बातमी पोहोचली ती अशी, की अमेरिका नेणार आहे. स्वेच्छेने परत जायला नाव दिलेल्यांनी नावं मागे घेतली. त्यानंतर कितीतरी कुटुंबांनी आणखी वर्षभर आत काढलं. तेरा हजार किलोमीटरवरून दिलेली अर्धी आशा इथल्या आईला पोरांसह फळीवरच ठेवून गेली. १९९६ मध्ये अमेरिकेने शेवटी जे ठरवलं ते त्या मानाने शहाणपणाचं होतं: आधी घरी परता, मुलाखत व्हिएतनाममध्येच घेऊ. त्या वाटेने पुढे हजारो जण अमेरिकेला गेलेही.

एका न्यायनिवाड्याची नोंद करायला हवी, कारण तो भारतीयांशी जोडलेला आहे. व्हिएतनाम काही चिनी वंशाच्या लोकांना ‘हे आमचे नागरिक नाहीत’ म्हणून परत घेत नव्हतं. परत पाठवता येत नाहीत आणि सोडतही नाहीत, म्हणून ते ताई आ चाऊ बेटावरच्या केंद्रात वर्षानुवर्षं पडून. त्यांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. मार्च १९९६ मध्ये निकाल लागला, की परत पाठवण्यासाठी कोंडलेल्या माणसाला वाजवी मुदतीपर्यंतच कोंडता येतं. पाठवणं शक्य नसेल तर सोडावं लागेल. या तत्त्वाचा आधार होता इंग्लंडमधल्या एका तुरुंगात अडकून पडलेल्या भारतीय नागरिकाच्या खटल्याचा, ज्यात १९८३ मध्ये तिथल्या न्यायाधीशाने हाच दंडक घालून दिला होता. छावणीतल्या एकालाही बहुधा ठाऊक नसेल, की आपली सुटका एका भारतीयाने आधीच अर्धी करून ठेवली आहे.

मे १९९६ मध्ये व्हाइटहेडमध्ये शेवटची मोठी दंगल झाली. शंभराहून जास्त जण पळाले, इमारती आणि गाड्या जळाल्या. जून अखेरीस जिनिव्हात १९८९ मध्ये ठरलेली योजना संपली. जुलै १९९७ मध्ये शहर चीनकडे जाणार होतं आणि बीजिंगने बजावून ठेवलं होतं, की हा प्रश्न त्याआधी मिटवा. विमानं भराभर सुटली.

परतल्यावर

परतलेल्यांचं काय झालं, हा भाग चर्चेत सगळ्यात कमी येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सक्तीने गेलेलेही उच्चायुक्तालयाच्या नजरेखाली होते. त्यांचे कर्मचारी मोटारसायकलवरून, होडीतून गावोगाव जात, माणसाला एकट्याला भेटत. पळून गेल्याबद्दल पद्धतशीर सूड घेतल्याचं त्यांना आढळलं नाही. युरोपीय समुदायाने छोट्या धंद्यांना कर्जं दिली, आणि ती परतलेल्यांइतकीच त्यांना कामावर घेणाऱ्या गावातल्या लोकांनाही मिळत. होडीसाठी घर विकून गेलेला माणूस पैसा घेऊन परततो आणि न गेलेला शेजारी रिकाम्या हाती बसतो, असं झालं तर गावात राग पेटतो. कर्ज दोघांना मिळाल्याने तो पेटला नाही. सगळ्या भागातून मिळून १,०९,००० च्या आसपास व्हिएतनामी या योजनेत घरी परतले, त्यांतले बहुसंख्य हाँगकाँगहून.

फिलिपिन्सने वेगळी वाट धरली. १९९६ मध्ये सक्तीची विमानं सुरू होताच तिथल्या कॅथलिक चर्चने हस्तक्षेप केला आणि उरलेल्यांना राहू दिलं गेलं. पण नागरिकत्व नाही, कागद नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेने नेलं ते २००५ नंतर. दयाळू वाटणाऱ्या निर्णयातही माणसांची दहा वर्षं गेली.

हाँगकाँगने जानेवारी १९९८ मध्ये पहिल्या आश्रयाचं धोरण अधिकृतपणे बंद केलं. २२ फेब्रुवारी २००० ला उरलेल्या सुमारे १,४०० जणांना शहरातच राहायची परवानगी जाहीर झाली. हे असे लोक, की ज्यांना कुठलाच देश घेत नव्हता, व्हिएतनामही नाही. कुणाला व्यसनाचा इतिहास, कुणावर किरकोळ गुन्हा. छावणीत दहा वर्षं काढल्यावर यापैकी एखादी गोष्ट अंगाला चिकटणारच. मे अखेरीस पिलर पॉइंटची शेवटची छावणी बंद झाली.

सरकारी हिशेबाप्रमाणे १,४३,००० च्या वर माणसं पुढे दुसऱ्या देशांत गेली आणि ६७,००० च्या वर व्हिएतनामला परतली. छावण्यांच्या खर्चापोटी उच्चायुक्तालयाकडून १.१६ अब्ज हाँगकाँग डॉलरचं येणं राहिलं. हाँगकाँगच्या विधिमंडळात त्याची आठवण अधूनमधून काढली जात असे.

१९५१ चा करार हाँगकाँगला आजही लागू नाही. न्यायालयांच्या निकालांनंतर मार्च २०१४ पासून तिथे आश्रयाच्या सगळ्या दाव्यांची एकत्र छाननी होते. दावे करणाऱ्यांत व्हिएतनामी आहेत आणि भारतीयही मोठ्या संख्येने आहेत. मान्य होतात शंभरात एखाद-दुसरे. अपिलं आणि न्यायालय धरून एका दाव्याला अजूनही वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर त्या माणसाला काम करायची परवानगी नसते.